कुंभार आणि वारूळ

‘नास्तिक’ हा शब्द आपल्या घरांतून आजही एखाद्या शिवीसारखा उच्चारला जातो. ज्याला तो लावला जातो त्याच्या ठायी उद्धटपणा, परकीय शिक्षणाचा परिणाम आणि वडीलधाऱ्यांविषयीची अनास्था ही तिन्ही एकदमच गृहीत धरली जातात. वास्तविक या शब्दाचा जुना अर्थ निराळा आहे. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक म्हटले. ईश्वर न मानणाऱ्यास नव्हे. त्या अर्थाने पाहता वेद शिरोधार्य मानणारा, परंतु जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर न मानणारा पूर्वमीमांसक हा पक्का आस्तिक ठरतो! म्हणून ज्या मताचा विचार येथे करावयाचा आहे त्याला ‘निरीश्वरवाद’ हेच नाव अधिक नेमके होय. हा वाद युरोपातून बोटीने आपल्याकडे आला, ही समजूत मात्र सर्वस्वी निराधार आहे.

आम्हां बडोदेकरांना तर तशी समजूत बाळगण्याची मुळीच सवड नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ मध्ये ‘तत्त्वसंग्रह’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आठव्या शतकातील बौद्ध पंडित शांतरक्षित हा त्याचा कर्ता आणि त्याचाच शिष्य कमलशील हा टीकाकार. या ग्रंथात ‘ईश्वरपरीक्षा’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण असून जगाला कोणी कर्ता आहे या मताची त्यात कसून तपासणी केली आहे. पुढे १९४० मध्ये, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर वर्षभराने, याच मालेत जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापला गेला. चार्वाक विचाराशी नाते सांगणारा एवढा मोठा दुसरा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याची ताडपत्रावरील पोथी पाटणच्या जैन ग्रंथभांडारात मिळाली आणि पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनी ती संपादिली. या पोथीत जैन मतांचेही खंडन आहे, तरी जैनांनी ती शतकानुशतके जपली. आणि गुजरातेत राज्य करणाऱ्या एका मराठी घराण्याने चालविलेल्या मालेत ती छापली गेली. ज्या युक्तिवादाने आपण रागावतो तो आपल्याच अंगणातील छापखान्यातून बाहेर पडलेला आहे, हे प्रारंभी ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष वादाकडे वळू. ईश्वर मानणाऱ्यांचे, विशेषतः नैयायिकांचे, मुख्य अनुमान साधे आहे. घट दिसला की कुंभाराचे अनुमान होते, वस्त्र दिसले की कोष्ट्याचे. पृथ्वी, पर्वत, अंकुर यांचीही रचना आहे, तीही कार्येच आहेत. तेव्हा त्यांनाही कोणी बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे. आपल्या घरांतील आजीही नातवाला हाच युक्तिवाद सांगते, फक्त घटाच्या जागी ती घड्याळ घेते.

बौद्ध पंडितांनी यावर दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. घटावरून कुंभाराचे अनुमान आपण करतो ते घट मातीचा आहे म्हणून नव्हे. कुंभाराला चाकावर घट घडविताना आपण पूर्वी पाहिले आहे म्हणून. नुसत्या ‘मातीला आकार आलेला आहे’ एवढ्यावरून अनुमान करू गेल्यास वारूळसुद्धा कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. देऊळ पाहिले की गवंडी आठवतो, कारण देवळे बांधली जाताना आपण पाहतो. पर्वत बांधला जाताना कोणी पाहिलेला नाही. ‘रचना’ हा शब्द दोन्हीकडे सारखा वापरला, एवढ्यावरून दोन्हींचे कारण सारखे ठरत नाही.

बरे, हे अनुमान मान्य केले तरी त्यातून निघते काय? कुंभाराला देह असतो, त्याला चाक व माती लागते, त्याचे ज्ञान अपुरे असते. मोठा वाडा तर एक गवंडी बांधीत नाही. अनेकजण मिळून बांधतात. मग दृष्टान्ताला प्रामाणिक राहावयाचे तर जगाचे कर्ते अनेक, देहधारी आणि अल्पज्ञ निघतील. एक, अशरीरी आणि सर्वज्ञ ईश्वर या दृष्टान्तातून निघत नाही. तो आपण मागाहून त्यात घालतो. स्कॉटलंडातील तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यांत जवळजवळ हाच आक्षेप आढळतो. शांतरक्षित त्याच्या सुमारे हजार वर्षे आधीचा. एकाने दुसऱ्याचे वाचले असण्याचा संभव नाही. प्रश्नच असा आहे की नीट विचार करणारी बुद्धी कोठेही त्याच जागी येऊन थांबते. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला, आणि डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचनासुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांच्या लहान लहान फरकांतून, निसर्गाच्या निवडीने कशी उभी राहू शकते याचा मार्गही दिसू लागला. वारुळाला कुंभार नको, हे जुन्या पंडितांनी सांगितले होते. ते कुंभाराविना कसे उभे राहते, हे विज्ञानाने सांगण्यास आरंभ केला.

प्रतिपक्षाची बाजूही येथे मांडली पाहिजे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील थोर नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा सबंध ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. ‘ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही’ असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर विसरण्याजोगे नाही. जी वस्तू दिसण्याजोगी आहे, ती न दिसल्यास तिचा अभाव ठरतो. मेजावर घागर दिसली नाही तर तेथे घागर नाही हे खरे. पण जी वस्तू स्वभावतःच डोळ्यांना दिसणारी नाही, तिच्या न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. हे उत्तर बिनतोड आहे, आणि ‘दाखवा तुमचा देव’ एवढ्यावरच थांबणाऱ्या तरुण निरीश्वरवाद्याने ते अवश्य पचवावे. मात्र एवढ्याने ईश्वर सिद्ध होत नाही. त्याच्या नसण्याचा एक लंगडा पुरावा बाद होतो, इतकेच. सिद्ध करण्याचा भार ‘आहे’ म्हणणाऱ्याच्या शिरावर तसाच राहतो.

परंतु सर्वांत अवघड आक्षेप तर्काच्या या बारकाव्यांतला नाही. तो दुःखाचा आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले कुमारिल भट्ट हे वेदांचे कट्टर कैवारी. तरीही आपल्या ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी जगत्कर्त्याची जी उलटतपासणी घेतली आहे ती कोणा चार्वाकानेही हेवा करावा अशी आहे. सृष्टीपूर्वी काहीच नव्हते, तर ईश्वराला सृष्टी करताना पाहिले कोणी? त्याने स्वतः तसे सांगितले म्हणावे, तर आपला मोठेपणा मिरविण्यासाठीही कोणी तसे सांगू शकेल. आणि त्याने हे जग केले तरी कशासाठी? हाच प्रश्न पुढे वाचस्पतिमिश्रांनी सांख्यांची बाजू मांडताना अधिक आवळला. शहाणा माणूस स्वार्थासाठी तरी काही करतो किंवा दयेने तरी करतो. पूर्णकाम ईश्वराला स्वार्थ संभवत नाही. दया म्हणावी, तर सृष्टीपूर्वी कोणाला देहच नव्हता, तेव्हा दुःखही नव्हते. मग दया कोणाची? आणि दयेनेच जग केले असते तर त्याने सुखी जीवच निर्माण केले असते.

ही केवळ पंडितांची कसरत नव्हे. गुजरातेत राहणाऱ्या आम्हां सर्वांना २६ जानेवारी २००१ ची सकाळ ठाऊक आहे. कच्छच्या भूकंपात अंजार गावच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताकदिनाच्या मिरवणुकीत निघालेली दीडशेहून अधिक शाळकरी मुले दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. सर्वशक्तिमान असूनही ज्याने ते थोपविले नाही त्याला दयाळू कसे म्हणावे, आणि दयाळू असूनही ज्याला ते थोपविता आले नाही त्याला सर्वशक्तिमान कसे म्हणावे, हा प्रश्न त्या गल्लीत उभ्या राहिलेल्या कोणाच्याही मनात येईल. तो विचारणाऱ्याला उद्धट म्हणणे हे उत्तर नव्हे.

आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे कर्मसिद्धान्त. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात ईश्वराला पावसाची उपमा दिली आहे: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे येते. उपमा सुंदर आहे. परंतु निरीश्वरवादी विचारतो, की फळ जर कर्मच ठरविते, तर मधे ईश्वराचे काम काय उरले? आणि कर्माचे बंधन ईश्वराला ओलांडता येत नसेल, तर तो सर्वशक्तिमान कसा? त्याहूनही बोचणारी गोष्ट अशी, की या उत्तराने गाडल्या गेलेल्या मुलाच्या माथी आणखी एक अपराध मारला जातो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड होय, असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः ईश्वरनिष्ठ आणि अस्पृश्यतेचे विरोधक. तरी त्यांनी या विधानाला कडक हरकत घेतली. निसर्गाच्या उत्पाताला नीतीचा निवाडा म्हणणे त्यांना मान्य नव्हते. गांधीजींनी ती हरकत आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापली आणि तिला उत्तरही दिले. मत कोणाचे पटते ते वाचकांनी ठरवावे. वाद करण्याची ती रीत मात्र दोघांचीही घेण्याजोगी होती. आमच्यापुरते सांगावयाचे तर निरपराधांच्या दुःखाला पुरे पडेल असे उत्तर ईश्वरवाद्यांच्या कोणत्याही ग्रंथात आम्हांला आढळलेले नाही.

‘देव नाही म्हटले तर नीती कशाच्या आधारावर उभी राहावयाची?’ हा प्रश्न यावर हमखास येतो, आणि त्यामागची काळजी खरी असते. परंतु सत्य बोलणे हे ईश्वराने सांगितले म्हणून चांगले, की ते चांगले म्हणून ईश्वराने सांगितले? पहिले म्हणावे, तर उद्या त्याने असत्य सांगितल्यास तेच चांगले होईल. दुसरे म्हणावे, तर चांगुलपणा ईश्वराच्या आज्ञेवाचूनही उभा आहे. ग्रीसमधील प्लेटोने आपल्या एका संवादात हा पेच मांडून ठेवला आहे. आपल्याकडे तर प्रत्यक्ष उदाहरणेच आहेत. मीमांसकांचा धर्म जगत्कर्त्यावर उभा नाही. जैनांची अहिंसा आणि बौद्धांची करुणा यांनाही असा कर्ता लागला नाही. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले, विवेकाखेरीज दुसरे प्रमाण मानले नाही, आणि त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. दारिद्र्य पत्करून शिक्षणाला वाहून घेतलेल्या या माणसाच्या चारित्र्यावर त्याच्या कडव्या विरोधकांनाही बोट ठेवता आले नाही.

आता आमच्या वाचकांच्या घरापुरते दोन शब्द. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मंडळींची एक निराळी अडचण आहे. पुण्यातला मुलगा आरतीस उभा राहिला नाही तरी रस्त्यावर, शाळेत, बाजारात मराठी त्याच्या कानांवर पडतच राहते. बडोद्यातील, इंदूरमधील वा हैदराबादेतील मुलाचे तसे नाही. त्याच्यासाठी गणपतीचे दहा दिवस, हळदीकुंकू, मंडळातील कीर्तन हीच मराठीची शाळा असते. म्हणून तो ‘मी देव मानीत नाही’ म्हणाला, की देव हातचा गेला यापेक्षा मुलगा हातचा गेला याचीच धास्ती आईवडिलांना अधिक वाटते. ही धास्ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

परंतु त्यावरील तोड कुमारिलांच्या उदाहरणातच आहे. यज्ञ, मंत्र, आचार यांसाठी आयुष्य वेचणारा हा पंडित जगत्कर्ता मात्र नाकारू शकला. त्या काळच्या समाजाने त्याला धर्मातून हाकलून दिले नाही. घरचे उत्सव, घरची भाषा आणि घरच्यांचा लोभ हे एखाद्या सिद्धान्ताला मान डोलावण्याच्या अटीवर द्यावयाचे नसतात. मोदक करण्यास हात लावणाऱ्या, आजीला आरतीचे ताट तयार करून देणाऱ्या, परंतु हात न जोडणाऱ्या नातवाला घरात जागा असावी. उलट त्यानेही ध्यानात ठेवावे, की वर मांडलेले सारे युक्तिवाद जगाचा कर्ता, सर्वज्ञ व दयाळू अशा ईश्वराविरुद्ध आहेत. आजीला देवघरात बसल्यावर जो धीर येतो तो कोणत्याही अनुमानावर उभा नसतो, त्यामुळे अनुमान खोडल्याने तो नाहीसाही होत नाही. तेथे खंडन करावयास जाणे हे तर्काचे काम नव्हे.

मात्र आजीने स्वतःहून घड्याळाचा दृष्टान्त काढला, तर नातवाने वारुळाचा जरूर काढावा, आणि वडिलांनी त्यास गप्प बसवू नये. उत्तर असेल तर ते द्यावे; उदयनाचार्यांनी देण्याजोगी पुष्कळ उत्तरे लिहून ठेवली आहेत. उत्तर नसेल तर ‘याचे उत्तर मजपाशी नाही’ असे म्हणावे. मुलाच्या मनातून वडील उतरतात ते या वाक्याने नव्हे. उतरतात ते ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ या वाक्याने.