श्रद्धा : रोखीची आणि पेरणीची

मृगात पेरलेली तूर पंधरवड्यात कापता येत नाही, हे निलंग्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ती संक्रांतीच्या सुमारास हाती येते. तोवर खुरपणी, राखण आणि आभाळाकडे पाहणे एवढेच त्याच्या हाती असते. धर्माच्या प्रांतात मात्र हा समंजसपणा हरवतो. तेथे आजच्या प्रार्थनेचे फळ आजच हवे असते. नवस बोलणारा भाविक असो, की एका सभेत आजार, कर्ज आणि बेकारी यांतून सुटका होईल या आशेने जाणारा ख्रिस्ती श्रद्धावंत असो, दोघांचाही व्यवहार रोखीचा असतो. संकटात देवाजवळ मागणे मागण्यात गैर काही नाही. मागणे पुरे झाले तर श्रद्धा खरी, न झाले तर खोटी, हा हिशेब गैर आहे.

या हिशेबाला महाराष्ट्रातच एक उत्तर मिळालेले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला, ख्रिस्त अद्याप गवसलेला नाही. ही जाणीव त्यांनी पुढे आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केली. धर्मांतर झाले म्हणजे सारे साधले, असे मानणाऱ्या त्यांच्या अनुयायांनी आणि टीकाकारांनीही तिचा विचार करावा.

या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या वादातून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु रमाबाईंनी श्रद्धा लपविली नाही आणि कामही सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. अर्थशास्त्राच्या भाषेत, अन्नदान हा उपभोग होय, तर हाताला दिलेले कसब हे भांडवल होय. केडगावी मुलींना अन्न मिळालेच, शिवाय अक्षरे, शेती, विणकाम आणि छपाईही मिळाली. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेचा मोठा भावावेग उसळला, तरी रोजचे काम थांबले नाही.

उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. रोखीच्या हिशेबाने श्रद्धेचे खाते येथेच बंद व्हायला हवे होते. भाषांतर मात्र चालूच राहिले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते तडीस नेले.

सर्वांना केडगाव उभारता येणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. श्रद्धावंत शिक्षकाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी वर्षभर खपावे, श्रद्धावंत कारकुनाने विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद अडवून ठेवू नये. येशूची शिकवण इतक्या साध्या ठिकाणी पारखली जाते. रविवारच्या प्रार्थनेची साक्ष सोमवारच्या कामाने द्यायची असते.