मेंदूचें दप्तर

फडताळांतले डबे एकाच हातानें लावलेले असले म्हणजे कशांत मीठ आणि कशांत पिठीसाखर हें त्या हातासच ठाऊक असतें. गृहिणी चार दिवस माहेरीं गेली कीं पहिल्याच चहाला घोटाळा! विद्वानांच्या प्रयोगशाळांतहि असेंच घडावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु मेंदूच्या शास्त्रांत हा प्रकार पुष्कळ वर्षें चालला होता.

एम. आर. आय. यंत्रांत मनुष्य तासभर निश्चल पडून राहतो, तेव्हां त्याच्या मेंदूचीं शेंकडों चित्रें निघतात. तीं कशीं लावावीं, त्यांस काय नांव द्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें, अशी रीत होती. विद्यार्थी पदवी घेऊन गेला कीं त्याच्या खुणांचा अर्थहि त्याच्याबरोबर जाई.

याहून गंभीर गोष्ट डाव्या-उजव्याची. डॉक्टर बहुधा रोगी आपल्याकडे तोंड करून आहे असें मानून चित्र पाहतात. म्हणजे चित्राची डावी बाजू ती रोग्याची उजवी. कित्येक संशोधक याच्या उलट मांडणी करितात. ‘ॲनालाइज’ नामक जुन्या पद्धतींत ही बाजू निःसंदिग्धपणें नोंदण्याची सोय नव्हती. बहुतेकांचें वाणीचें केंद्र मेंदूच्या डाव्या भागांत असतें. तेथें बाजू चुकली तर निष्कर्षाचें काय होईल, हें सांगावयास नको. पुढें ‘निफ्टी’ पद्धत निघाली, आणि चित्राबरोबर दिशाहि लिहिली जाऊं लागली.

तरी नांवांचा गोंधळ उरलाच. त्यावर उपाय म्हणून २०१६ सालीं ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकांत ‘बिड्स’ नांवाची संहिता प्रसिद्ध झाली. तिचे नियम अगदीं साधे आहेत: प्रत्येक व्यक्तीस निराळा कप्पा, व्यक्तीच्या नांवाऐवजीं खूण, चित्र कोणाचें व कोणतें काम करितांना घेतलें, हें त्याच्या नांवावरूनच कळावें, आणि शेजारीं यंत्राच्या मापांचें टिपण असावें. नियम पाळले कीं नाहींत, हें तपासणारी संगणकाची आज्ञावलीहि आहे.

आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, हे नियम कोणा सरकारनें लादले नाहींत. काम करणारांनींच एकत्र बसून ठरविले, व आजहि उघड चर्चेनेंच त्यांत भर पडते. त्यासाठीं ‘मला समजतें, तेवढें पुरे’ हा अहंकार प्रथम सोडावा लागतो. ज्यानें शास्त्रासाठीं आपला तास दिला, त्याचें दान परक्या देशांतील अभ्यासकासहि उपयोगीं पडावें, ही जबाबदारी दान घेणारावर आहे. डब्यावर चिठ्ठी लावणें हें क्षुल्लक काम खरें. पण तें मागून येणारासाठीं केलेलें असतें, आणि तेंच त्याचें मोल.