स्थलांतरितांचे हक्क आणि तारखेचे कुंपण

देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पोटासाठी जालन्याहून वा जौनपूरहून मुंबईच्या उपनगरांत येणाऱ्याला कोणाच्याही परवान्याची गरज नाही. प्रत्यक्षात मात्र झोपडपट्टीत आसरा घेणाऱ्याचे हक्क तारखेवर ठरतात. पुनर्वसनासाठी आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० आणि २०१८च्या कायदादुरुस्तीनंतर सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ अशी ही मर्यादा पुढे सरकत आली.

या कुंपणाविरुद्धचा लढा जुना आहे. १९८१मध्ये पदपथावरील रहिवाशांना व विलेपार्ल्यातील महामार्गालगतच्या कामराज नगरला हटविण्याची कारवाई सुरू झाली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न अधिक बिकट झाला. जंगल वाचविण्याचा आग्रह रास्तच होता. १९९७च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने अतिक्रमणे हटविण्याचा मार्ग खुला झाला. १९९५च्या मतदारयादीत नाव असलेल्यांनाच सात हजार रुपये भरून पर्यायी जागेची मुभा मिळाली. निवारा हक्क सुरक्षा समितीने चिकाटीने पाठपुरावा केला आणि अनेक कुटुंबांना चांदिवलीच्या संघर्ष नगरात घरे मिळाली. ज्यांच्यापाशी कागद नव्हता, त्यांच्या पदरी काहीच पडले नाही.

तारीख पुढे ढकलण्याची मागणी करणाऱ्या चळवळींची ही मर्यादा आहे. प्रत्येक नव्या तारखेबरोबर कुंपणाबाहेर नवे लोक उरतात. शिवाय मुदतवाढ म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस, हा आक्षेपही सहज झटकून टाकता येत नाही.

पाणी हक्क समितीने वेगळी वाट धरली. तिने घर मागितले नाही, पाणी मागितले. १५ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने, २०००नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ते अधिकृत घरांप्रमाणेच द्यावे असे बंधन नाही, दरही जादा आकारता येईल, असेही स्पष्ट केले. २०२२मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. झोपडी नियमित न करताही माणसाला नळ देता येतो, हे यातून सिद्ध झाले.

मोफत घर कोणाला द्यायचे, हा धोरणाचा भाग आहे. तेथे तारीख असू शकते. पाणी, शौचालय, शिधा आणि मुलांची शाळा यांना ती लावता येणार नाही. भाड्याच्या खोलीत राहून उपनगरांतील इमारती उभारणाऱ्या मजुरापाशी वास्तव्याचा पुरावा बहुधा नसतोच. हक्कांची मागणी करणाऱ्या संघटनांनी आणि धोरण आखणाऱ्यांनीही हा भेद ओळखला, तर पुढच्या तारखेची वाट पाहण्याची वेळ त्या मजुरावर येणार नाही.