नाताळची तिथि आणि चोरीचा आळ

मार्गशीर्ष सरत आला, काळेवाडीच्या इमारतींच्या सज्जांतून कागदी चांदण्या लोंबूं लागल्या, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत एका जुन्या वादास दरवर्षीं नवें तोंड फुटतें. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असें बायबलांत कोठेंही नाहीं. ती तिथि रोमन लोकांच्या सूर्योत्सवावरून चोरलेली आहे. सबब नाताळ हा खोटा सण होय, असा हा त्रिपदी युक्तिवाद. गेल्या नाताळांत शेजारच्या दिवाणखान्यांत तो आम्हीं ऐकला. आमचा एक ख्रिस्ती विद्यार्थी घरच्या करंज्यांचें ताट घेऊन आला होता. यजमानांनीं एका हातानें ताट घेतलें आणि दुसरा हात नाचवीत त्यास त्याच्या सणाचा खोटेपणा समजावून दिला. “असेल काका,” एवढेंच बोलून तो हंसला व निघून गेला. त्या वेळीं उत्तर देणें हें आमचें काम होतें. आम्ही चहा पीत बसलों. ती चूक येथें दुरुस्त करावयाची आहे.

युक्तिवादाचें पहिलें पद खरें आहे. मत्तय व लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत जन्मकथा आहे, पण महिना नाहीं, दिवस नाहीं. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट निरनिराळ्या लोकांचे तर्क नमूद करतो. त्यांत २५ डिसेंबरचें नांवही नाहीं. तेव्हां ही तिथि म्हणजे जन्माच्या दाखल्यावरील तारीख आहे, असें सिद्ध करूं पाहणाऱ्या भाविक मित्रांनींही तो खटाटोप सोडावा हें बरें.

पण दुसरें पद? चोरीचा आळ घेणाऱ्यानें मुद्देमाल दाखवावा लागतो. कोणी सॅटर्नेलियाचें नांव घेतात. तो उत्सव १७ डिसेंबरास सुरू होई व लांबून लांबून २३ पर्यंत जाई. २५ शीं त्याचा संबंध नाहीं. कोणी ‘अजिंक्य सूर्या’चें नांव घेतात. सम्राट ऑरेलियनानें २७४ त या देवतेचें मंदिर रोमांत उभारलें हें खरें. परंतु २५ डिसेंबरास त्या सूर्याचा जन्मोत्सव होत असे, याचा सर्वांत जुना पुरावा कोणता? ३५४ सालच्या एका रोमन संग्रहग्रंथांतील पंचांग. आणि २५ डिसेंबरास ख्रिस्तजन्म झाल्याची सर्वांत जुनी निःसंदिग्ध नोंद कोठें आहे? त्याच संग्रहांत, आणि ती यादी बहुतेक पंडितांच्या मतें ३३६ च्या सुमाराची. एकाच पेटींत दोघांचेही दागिने सांपडले, तर चोर कोण हें पेटीवरून ठरत नाहीं.

दुसरीही एक उपपत्ति आहे. टर्टुलियनाच्या काळापासून पश्चिमेकडे येशूचें मरण २५ मार्चास झालें असें मानीत, आणि मरणाच्या दिवशींच गर्भधारणाही झाली अशी समजूत पुढें ऑगस्टिनाच्या ग्रंथांत स्पष्ट दिसते. २५ मार्चांत नऊ महिने मिळवा. २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे ६ एप्रिल धरीत. तेथें ६ जानेवारी आला. ही उपपत्ति द्युशेन या फ्रेंच पंडितानें १८८९ त मांडली. तीही निर्विवाद नव्हे. उलट पक्षीं, सूर्योत्सवामुळेंच तिथि बदलली असें स्पष्ट सांगणारें एक सीरियन टिपण आहे. पण तें बाराव्या शतकाच्या आसपासचें, म्हणजे घटनेनंतर आठशें वर्षांचें. तात्पर्य, निकाल लागलेला नाहीं. जेथें न्यायाधीश अजून कागद वाचीत आहेत, तेथें आमचे मित्र आरोपीस शिक्षा ठोठावून मोकळे होतात.

ईस्टरविषयीं तर याहून मौज. तें नांव बाबिलोनच्या इश्तार देवीचें, असें छातीठोकपणें सांगण्यांत येतें. तसें नांव प्रामुख्यानें इंग्रजींत व जर्मनींत. पोर्तुगीजांत त्याच सणास ‘पास्कोआ’ म्हणतात, आणि तो शब्द यहुद्यांच्या पेसाह सणावरून आलेला. इंग्रजी नांवामागें एओस्त्रे नांवाची देवी होती, एवढें आठव्या शतकांतील बीड लिहितो. इश्तारचा तेथें मागमूस नाहीं. दोन शब्दांचा ध्वनि जुळला म्हणजे वंश जुळत नाहीं, हें आमच्या पदवीधरांस सांगावें लागावें काय?

आतां तिसरें पद. वादासाठीं धरून चालूं कीं तिथि उसनी आहे. म्हणून सण खोटा? मग हाच गज घरांत आणूं. मकरसंक्रांतीस आपण उत्तरायण म्हणतों. खरें उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरासच सुरू होतें; संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं दोन्ही एकत्र होतीं. आपलें वर्ष नाक्षत्र असल्यामुळें सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस या हिशेबानें तीं दुरावत गेलीं. स्वामी विवेकानंद १८६३ त संक्रांतीच्या दिवशीं जन्मले, तेव्हां तारीख १२ जानेवारी होती. म्हणून काय तिळगूळ खोटा? टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत कांहीं वर्षीं दिवाळी महिनाभर मागेंपुढें होते. त्यांचे दिवे विझवावयास कोणी गेलें नाहीं. शिवजयंतीचीच गोष्ट घ्या. सरकारी उत्सव १९ फेब्रुवारीस होतो. पण १६३० तील ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची, आजच्या गणनेनें ती १ मार्च येते. पुष्कळ लोक फाल्गुन वद्य तृतीयेसच उत्सव करतात. महाराजांच्या थोरवीस यानें केसाइतकाही धक्का लागत नाहीं.

यावर एक सबळ आक्षेप येईल. संक्रांत हा ऋतूचा सण. ख्रिस्ती धर्म मात्र इतिहासाचा दावा करतो, म्हणून त्यास तिथीचा जाब विचारणें न्याय्य आहे. दावा आहे तो जन्माचा, तारखेचा नव्हे. तिसऱ्या शतकांतील ऑरिजेन तर जन्मदिन साजरे करणें हें फारो व हेरोद यांसारख्या पाप्यांचें काम समजे. ज्या धर्माचीं आरंभींचीं अनेक शतकें नाताळावांचून गेलीं, तो नाताळच्या तारखेवर उभा नाहीं. तारीख पाडून तो पडणारही नाहीं. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीस जन्मोत्सव करतें, रशियन चर्च ७ जानेवारीस. आणि हा आक्षेप तरी आपला कोठें आहे? १६४७ त इंग्लंडच्या पार्लमेंटनें नाताळ बंद केला, तो शास्त्राधार नाहीं याच कारणास्तव. आणि तो बंद करणारे कट्टर ख्रिस्तीच होते. चोरीचा आळ घेणाऱ्यांचा युक्तिवादच असा उसना निघावा, हा दैवाचा विनोद होय.

इतिहासाची तारीख निराळी, उत्सवाची तिथि निराळी. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास मनुस्मृतीचें दहन झालें. ही इतिहासाची तारीख, तिला कागदोपत्रीं पुरावा मागावा. चैत्र शुद्ध नवमीस दुपारीं बारा वाजतां आपण पाळणा हालवितों. तेथें कोणी घड्याळाचा दाखला मागत नाहीं. उत्सव हा समाजानें आपल्या स्मरणास दिलेला मुहूर्त असतो, आणि तो जेथें रुजतो तेथील मातीचा होतो. गोव्यांत २४ जूनचा सांजांव पाहा: योहानाचा जन्म लूकच्या हिशेबानें येशूपूर्वीं सहा महिने, म्हणून ही तिथि, पण डोक्यावर फुलांचीं कडीं घालून भरल्या विहिरींत उड्या मारणें हें देणें कोंकणच्या पावसाचें. खुद्द ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, आणि त्या करंज्या मात्र अस्सल मराठी.

चिकित्सा अवश्य करावी. तिच्यावांचून विद्या नाहीं. पण जो गज दुसऱ्याच्या अंगणांत लावावयाचा तो आधीं आपल्या माजघरांत लावून पाहावा, आणि पुरावा जेथें थांबतो तेथें आपणही थांबावें. एवढें ज्यास साधत नाहीं त्याची चिकित्सा ही चिकित्सा नव्हे. तो द्वेष होय, आणि त्यानें नुसतें उपरणें पंडिताचें पांघरलेलें असतें. यंदा तो विद्यार्थी ताट घेऊन आला, तर दार आम्हीं उघडूं, आणि करंजी तोंडांत टाकण्यापूर्वीं त्यास शुभेच्छा देऊं. तिथीची चर्चा त्यास हवी असेल तर तीही करूं. पण ती त्याच्या बरोबरीनें बसून.