सिमेंटचं गाव आणि आपला जिता पाडा

संग्रहालय म्हटलं की आपल्याला वाटतं, राजाची तलवार, राणीचे दागिने, भुसा भरलेला वाघ. कष्टकऱ्याचं जातं तिथं कोण ठेवणार? पण कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर कणेरी मठात असं एक ठिकाण आहे. त्याचं नाव सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. संघटनेच्या कामासाठी कोल्हापूरला जाणं झालं, तेव्हा आम्ही काही कार्यकर्ते ते पाहून आलो. तिथं गावच मांडलंय. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे आहेत. लोहार भात्याशी बसलाय, कुंभार चाकावर मडकं घडवतोय, न्हावी हजामत करतोय. शेतकरी बैलांसोबत रानात आहे, बाया दळण-कांडण करतायत. पुतळे इतके हुबेहूब आहेत की लांबून बघणारा फसावा.

हाताने काम करणाऱ्या माणसाला कुणीतरी बघण्याजोगं मानलं, हे आम्हाला मनापासून आवडलं. पण बघताना दोन गोष्टी मनात आल्या, त्या तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. सिमेंटचा माणूस बोलत नाही. सगळे बलुतेदार तिथं सुखात दिसतात. बलुतं म्हणजे वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. पण ते वेळेवर मिळायचं का, कुणाच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं, विहिरीवर कुणाला चढू देत नव्हते, हे पुतळा सांगत नाही. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन रद्द केलं. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घरानं पिढ्यानपिढ्या राबायचं, अशी ती रीत होती. सगळं गोडीगुलाबीचं असतं तर वतन मोडायची वेळ का आली असती? जुनं गाव बघावं, पण त्यातलं दुःखही विचारावं.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. शहरातून आलेली पोरं जातं बघून, 'हे काय?' म्हणून आईबापाला विचारत होती. त्यांच्यासाठी ते जुनं झालं. आपल्याकडं नागली अजून जात्यावर दळली जाते. कुडाच्या भिंती अजून शेणानं सारवतो. पावसात इरलं घेऊन आवणीला जातो. कंद कुठं निघतो, कुठल्या झाडाची साल कुठल्या दुखण्यावर, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ आहे. म्हणजे जे तिथं तिकीट काढून बघतात, ते आपण जगतोय. आणि तरी कचेरीत गेलं की आपल्यालाच विचारतात, 'तुम्ही इथं कधीपासून? पुरावा काय?'

साथींनो, पुरावा आपल्या दारात पडलाय. वनहक्क कायदा 2006 सालचा, त्याचे नियम 2008 सालचे. त्यातला नियम 13 वाचा. कागद तर चालतातच. पण घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, घातलेले बांध हेही पुरावे आहेत. जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागा हे पुरावे आहेत. वंशावळ पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला, तर तोही पुरावा आहे. सामूहिक हक्कासाठी गुरांची चराई, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायची जागा, पाणवठे, देवराई, आपल्या लोकांनी बांधलेल्या जुन्या बांधकामाचे अवशेष, हे सगळं धरलं जातं. मात्र दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, हे विसरू नका. नुसत्या एका जबाबावर विसंबून राहू नका.

कणेरीला जे सिमेंटमध्ये केलं, ते आपण वहीत करायचं. त्याला पैसा लागत नाही. पाड्यातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी एक वही घ्यावी. एका म्हाताऱ्या आजी-आजोबांना सोबत घेऊन शिव फिरावी. वाघदेवाचा दगड कुठं, तो कुणी पुजायचं ठरलेलं, पहिली विहीर कुणी खणली, जुना पाडा कुठं होता आणि तिथून का उठावं लागलं, हे त्यांच्याच शब्दात लिहावं. सुधारून लिहू नये. ओढा, टेकडी, झाड यांची आपण म्हणतो तीच नावं घालावीत. जमिनीवर काडीनं नकाशा काढावा, सगळ्यांनी मान डोलावली की कागदावर उतरवावा. जबाबावर अंगठा किंवा सही, तारीख आणि साक्षीदार हवेत. मग ती वही वनहक्क समितीपुढं ठेवावी, ग्रामसभेत वाचावी, आणि एक नक्कल पाड्यातच राहू द्यावी.

आणखी एक. जुनं जातं, उखळ, कणगी भंगारात देऊ नका. तुटलं तरी घराच्या कोपऱ्यात ठेवा. देवाचा दगड, पूर्वजांचा खांब हलवू नका. ते जागेवर आहेत म्हणूनच बोलतात. उचलून काचेच्या कपाटात ठेवलं तर ती शोभेची वस्तू होईल.

हे काम उद्यावर टाकण्यासारखं नाही. ज्या आजीला पाचव्या पिढीचं नाव आठवतं, ती पुढच्या पावसाळ्यात असेलच असं नाही. ती गेल्यावर तिचा पुतळा करता येईल. जबाब नाही घेता येणार. येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं निदान दोन म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून काढावं. काय लिहिलं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.

जिंदाबाद!