रिकामी जागा कुठे जाते?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत अलीकडे एक बातमी वरचेवर कानावर येते. कुणाची मुलगी नर्सिंग संपवून जर्मन शिकते आहे, कुणाचा मुलगा एमबीबीएसनंतर इंग्लंडच्या परीक्षेची तयारी करतो आहे. आईवडिलांना आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. मला मात्र दर वेळी एक प्रश्न पडतो: ही मुलं इथून गेली की त्यांची जागा कोण भरतं?

काचीगुड्यात राहणाऱ्याला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १९१६ साली उभं राहिलेलं आपलं स्टेशन म्हणजे मराठवाड्याकडचं दार. नांदेड, परभणी, जालन्याकडून येणाऱ्या गाड्यांतून विद्यार्थी आणि व्यापारी उतरतात, तसेच एक्स-रेचं मोठं पाकीट सांभाळत लोकही उतरतात. दवाखान्यासाठी आलेला पाहुणा आपल्या घरांना नवा नाही. निजामाच्या काळात हैदराबाद राजधानी होती म्हणून लोक येत. १९५६ साली मराठवाडा वेगळ्या राज्यात गेला, पण दवाखान्याची वाट तीच राहिली. डॉक्टर गावाकडे जात नाही, म्हणून रुग्ण गाडीत बसतो.

आता जर्मनीचं पाहा. तिथे म्हातारी माणसं वाढली आणि नर्सेस कमी पडल्या. तिथली जागा हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलातली अनुभवी नर्स भरते. तिच्या जागी जिल्ह्याच्या गावातली येते. जिल्ह्यातली जागा तालुक्याची मुलगी घेते. तालुक्याच्या मागे मात्र कुणीच उभं नसतं. रिकामी जागा नाहीशी होत नाही, ती खाली सरकत जाते आणि जिथे पगार, शाळा, रस्ते सगळंच कमी, तिथे कायमची बसते.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. कारणांवरून पुष्कळ वाद झाला आणि परदेशी गेलेल्यांमुळे हे घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण रुग्णालयाकडून तेव्हा सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: ७०-८० किलोमीटरच्या टापूत एवढ्या सोयीचं दुसरं रुग्णालय नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्यांमुळे अडचण झाली. माणसं मोजकीच असली की चार जण हलले तरी ताण पडतो.

हा प्रश्न जगभराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या अहवालात लिहिलं होतं की जगातल्या आजारांचा २४ टक्के भार आफ्रिकेवर आहे आणि आरोग्य कर्मचारी फक्त ३ टक्के. त्यानंतर २०१० साली परदेशी भरतीसाठी एक आचारसंहिता मंजूर झाली. कुणाच्या जाण्यावर ती बंदी घालत नाही. जिथे टंचाई फार आहे, त्या देशांतून श्रीमंत देशांनी मोहीम काढून माणसं नेऊ नयेत, एवढंच सांगते. तीही ऐच्छिक. अशा देशांची २०२३ची यादी ५५ नावांची आहे आणि त्यात भारत नाही. कारण यादी देशाची होते, तालुक्याची होत नाही. हैदराबाद आणि गडचिरोली यांची सरासरी काढली तर आकडा बरा दिसतो, पण गडचिरोलीतल्या बाळंतिणीला त्या सरासरीचा काय उपयोग?

आपली सरकारंही मुलांना बाहेर पाठवायला उत्सुक आहेत. तेलंगण सरकारची टॉमकॉम ही कंपनी जर्मनी, जपानसाठी नर्सेस निवडते. महाराष्ट्राने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. यात गैर काही नाही. पण पाठवण्याची जेवढी तयारी आहे, तेवढीच मागे राहणाऱ्यांना टिकवण्याची आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली की ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा. आपल्या ओळखीतल्या एखाद्या नर्सला आज विचारून पाहा. मग ती जर्मन का शिकते हे वेगळं सांगावं लागणार नाही.

म्हणून जाणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. पण एक उदाहरण त्यांनी माहीत करून घ्यावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत काम करू लागले. डॉक्टर तिथे येत नाहीत हे ओळखून त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांनी ३९ गावांत केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. परदेशात मिळवलेलं ज्ञान गाव सोडून न जाणाऱ्या माणसांच्या हाती दिलं, म्हणून ते तिथे टिकलं.

तरुण मित्रांनो, प्रत्येकाने गडचिरोलीला जावं असं मी म्हणत नाही. पण जाताना, आपल्यानंतर इथे काय उरणार आहे, हे विचारून जा. सुट्टीत आलात तर आठ दिवस नांदेडच्या एखाद्या नर्सिंगच्या वर्गाला शिकवून जा. आणि आपण घरच्या मोठ्यांनीही एक करू. परदेशी निघालेल्या मुलांचा आपण शाल-नारळ देऊन सत्कार करतो, तो करूच. त्याच व्यासपीठावर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालेल्या मुलीलाही बोलवू आणि तिच्यासाठीही तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवू.