मंडई वाचवायची ती कोणासाठी?

जुन्या इमारतींचे जतन हा सुखवस्तू रसिकांचा विषय आहे, श्रमिकांच्या चळवळीचा त्याच्याशी संबंध नाही, असा समज पुरोगामी कार्यकर्त्यांतही आढळतो. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडईचा, म्हणजेच जुन्या क्रॉफर्ड मार्केटचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. ही मंडई महापालिकेच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची आहे. तिच्या भवितव्याशी गाळेवाल्यांचा, हमालांचा, कोळणींचा आणि पन्नास-साठ किलोमीटर दूर असलेल्या नंदाखालच्या बागायतदारांचाही संबंध पोहोचतो.

हा संबंध केवळ भावनेचा नाही. १८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली, कापसाच्या तेजीने शहरात पैसा ओतला आणि लोकसंख्या वाढली. एवढ्या माणसांना रोजचे अन्न कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. १८६४ साली वसईच्या खाडीवरून लोहमार्ग आला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे उपनगरी गाडी सुरू झाली आणि १८६९ साली, शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, ही मंडई पूर्ण झाली. लोहमार्ग आणि मंडई ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन अंगे होती. नंदाखाल, आगाशीच्या वाड्यांतील केळी, भाजीपाला, विड्याची पाने आणि फुले यांना शहराची बाजारपेठ मिळाली, ती या दोहोंच्या जोरावर.

इमारतीची रचनाही हेच सांगते. वास्तुशिल्पी विल्यम इमर्सन यांनी ती आखली. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला आणि त्याच्या जोडीला वसईचा तांबूस दगड घातला. म्हणजे वसईचा केवळ मालच नव्हे, तर वसईची भूमीही या मंडईत आहे. लोखंडी सांगाड्यावरचे उंच छत आणि वरून येणारा उजेड यांत शोभेचा हेतू दुय्यम होता. नाशवंत माल ताजा राहावा, हवा खेळती असावी आणि गिऱ्हाइकाला वस्तू नीट पाहून घेता यावी, हा पहिला हेतू. प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट जे. जे. कलाशाळेतील अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवले. त्यांत राजे नाहीत, सरदार नाहीत. शेतात राबणारी माणसे आहेत. साम्राज्याच्या ऐन भरात उभारलेल्या इमारतीच्या दारावर हिंदुस्थानी शेतकऱ्याला स्थान मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढच्या काळात आत मात्र त्याचे स्थान आकसत गेले.

१९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि मंडईला प्रथम श्रेणीचे संरक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी, मार्च १९९६ मध्ये, फळांचा घाऊक व्यापार येथून नवी मुंबईच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत हलवण्यात आला. वाहतुकीच्या दृष्टीने या स्थलांतराला सबळ कारणे होती. परंतु घाऊक व्यापार गेल्यावर उरलेल्या विस्तीर्ण जागेवर बांधकाम व्यवसायाची नजर पडली. दर्शनी वारसा तेवढा राखावा आणि उरलेल्या आवाराचा खाजगी विकासकाकडून पुनर्विकास करून घ्यावा, अशी योजना नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आली. नागरिकांच्या विरोधामुळे ती बारगळली आणि पुढे महापालिकेने स्वतःच जतनाचे काम हाती घेतले. सार्वजनिक संस्था असे काम करू शकते, हे यातून दिसले. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तरीही दगड शाबूत राहिला म्हणजे मंडई राहिली, असे होत नाही. पॅरिसची मध्यवर्ती मंडई, ‘ले आल’, १९६९ साली शहराबाहेर रुंजीस येथे हलवली गेली आणि १९७१ पासून तिचे लोखंडी मंडप पाडण्यात आले. लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ साली हलला. तेथील इमारत रहिवाशांच्या लढ्यामुळे वाचली. पण १९८० साली ती उघडली ती पर्यटकांसाठी शोभिवंत दुकानांची जागा म्हणून. पॅरिसने इमारत आणि बाजार दोन्ही गमावले. लंडनने इमारत राखली, पण जिच्यासाठी ती बांधली होती ती माणसे गमावली. मुंबईने तिसरी वाट शोधली पाहिजे.

ती वाट सोपी नाही, याचा प्रत्यय शेजारीच येतो. फुले मंडईसमोरची छत्रपती शिवाजी महाराज मंडई ही मासळीबाजाराची इमारत धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली व पाडण्यात आली. २०२४ साली महापालिकेने तो भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी बोली मागवल्या, तेव्हा कोळी भगिनी रस्त्यावर उतरल्या. ती इमारत वारसा म्हणून गणली जात नव्हती, म्हणून तिच्या बाजूने कलारसिकांचा आवाज उठला नाही. कोळणीचा व्यवसाय मात्र मुंबईतील कोणत्याही दगडी कमानीपेक्षा जुना आहे. त्याला कोणती श्रेणी द्यायची?

येथे अर्थशास्त्रातील एक साधे तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. या परिसरातील जमिनीचे मोल एखाद्या मालकाच्या उद्यमाने वाढलेले नाही. लोहमार्ग, रस्ते, मंडई आणि दीडशे वर्षे येथे येणारी गिऱ्हाइके यांनी ते वाढवले. ही अनर्जित वाढ समाजाची आहे. ती विकासकाच्या हाती देणे म्हणजे सर्वांनी निर्माण केलेले धन एकाच्या पदरात टाकणे होय. त्याचबरोबर दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. नाममात्र भाड्यावर दगडी इमारतीची निगा राहत नाही. जुन्या बाजारांत मूळ परवानाधारक बाजूला राहतो आणि गाळा पोटभाड्याने दुसराच चालवतो, हेही घडते. श्रमिकाच्या नावाखाली चालणाऱ्या या दलालीचे समर्थन समाजवाद्यांनी करू नये.

ज्यांचे नाव मंडईला दिले आहे त्या महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेत असताना तेथील मंडईच्या नव्या इमारतीवर मोठा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी भूमिका घेतली होती. १८८६ साली उभी राहिलेली ती रे मार्केटची इमारतही पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. फुल्यांचा आक्षेप सौंदर्याला नव्हता. सार्वजनिक पैसा कोणाच्या उपयोगी पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. जतनावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाला आजही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर काही ठोस मागण्यांतून द्यावे लागेल. मंडईची मालकी आणि व्यवस्थापन महापालिकेकडेच राहावे. गाळ्यांची प्रत्यक्ष पाहणी करून जो विकतो त्यालाच परवाना मिळावा. लहान विक्रेत्याचे शुल्क कमी आणि मोठ्या दुकानाचे अधिक असावे. त्यातून दुरुस्तीचा स्वतंत्र निधी उभारून त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. आपला माल घेऊन येणाऱ्या उत्पादक शेतकऱ्यांसाठी आणि कोळणींसाठी राखीव ओटे असावेत. समोरचा भूखंड मासळीबाजारासाठीच राखला जावा.

या मागण्यांचे दुसरे टोक वसईत आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी जे आंदोलन झाले, त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचेच सुपुत्र. बिल्डरशाहीविरुद्धचा तो लढा आणि मंडईचा लढा वेगळे नाहीत. वाडी बुजवून इमले उभे राहिले तर मंडईत आणायला काही उरणार नाही, आणि मंडईत जागा उरली नाही तर वाडी विकण्यावाचून बागायतदाराला गत्यंतर राहणार नाही. वसईच्या आणि मुंबईच्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच हे दोन प्रश्न एकत्र हाती घ्यावेत. दारावर कोरलेला शेतकरी जपायचा असेल, तर त्याला दारातून आतही येता आले पाहिजे.